तीन नंबरच्या खाटेवरचं हृदय

४ जून

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण पेन पहिल्याच अक्षरावर अडलं. तेव्हा तेवढं गाळून वाच.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर दोन वाक्यांत तू प्रोफेसर होतोस आणि मी पेशंट. कागदावर मधे तोंड घालता येत नाही, हा कागदाचा फार मोठा गुण आहे.

एकच प्रश्न आहे. तो आधी विचारते. माझ्या हृदयाची झडप आखडत चालली आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?

आता कसं कळलं ते. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. तुझे मेहुणे शहरभरच्या बिघडलेल्या लिफ्टा वर-खाली करत हिंडतात, पण स्वतःच्या इमारतीत म्हणतात, "कमिटीने कंपनीला रीतसर कळवायला हवं, मी असा कसा हात लावू?" तेव्हा मी जिन्याने. आधी शेवटच्या मजल्यावर दम लागायचा, मग मधल्या, मग पहिल्याच. मी वयावर ढकललं. वयावर ढकललं की काहीही गप्प बसतं. मग गेल्या आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते, तर दुकानच माझ्याभोवती फिरलं आणि मी त्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन बसले. माणूस सभ्य. "बसा, बसा," म्हणाला.

तू परगावी परीक्षा घेत होतास. म्हणून तुझ्या मेहुण्यांनी मला कोपऱ्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. तो मला बघून खुर्चीतून उठलाच.

"अरे, तीन नंबरची खाट!"

"कोण खाट?" तुझे मेहुणे.

"मॅडम आमच्या परीक्षेला होत्या. सरांच्या बहीण ना तुम्ही? यांच्या हृदयावर आमची अख्खी बॅच पास झाली."

तुझे मेहुणे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू लग्नाआधीचं काहीतरी आत्ता उघडकीला आलंय. तू परीक्षेला नेतोस एवढं त्यांना ठाऊक होतं, पण तिथे मी पाणीबिणी देत असेन अशी त्यांची समजूत. मग त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तुलाही सांगते. तुला पाठ आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

तू नुकता डॉक्टर झाला होतास. कोरा स्टेथोस्कोप गळ्यात घालून घरभर सगळ्यांच्या छात्या ऐकत सुटला होतास. आईची ऐकलीस, बाबांची ऐकलीस, माझ्यापाशी आलास आणि थांबलास. तुझा चेहरा असा उजळला, की माझ्या आत कुणी गातंय की काय, असं मला वाटलं. "हृदयातून महाधमनीत रक्त जातं ना," तू म्हणालास, "तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. बारकीला दोनच आहेत! रक्त निघताना खरखरतं. काय सुंदर आवाज आहे!" आई घाबरली. तू म्हणालास, "काही नाही गं, नुसता आवाज आहे."

त्या 'नुसत्या आवाजा'वर मी इतकी वर्षं तुझ्या कॉलेजात परीक्षेला जाऊन झोपते आहे. पोरं यायची, नळी लावायची, काय ऐकू आलं ते तुला सांगायची. मला त्याचा अभिमान होता रे. इतर बायका मुलांच्या मार्कांबद्दल बोलायच्या, मी माझ्या झडपेबद्दल.

पुढे पुढे पोरं ऐकायची बंद झाली. वरच्या वर्गातले खालच्यांना सांगून ठेवायचे, 'तीन नंबर, चष्मेवाली बाई, महाधमनी, आवाज मोठा, मानेपर्यंत जातो.' पोरं नळी लावल्यासारखं करायची आणि धडाधड म्हणून टाकायची. आमच्या दुकानात लायसन्ससाठी डोळे तपासायला येणारे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता असाच पाठ करून येतात. मी काय करते माहीत आहे? तक्ता बदलते. साधी चष्मेवाली मी. तू तक्ता कधी बदलला नाहीस.

असो. माजी विद्यार्थ्याने मला मशीनखाली झोपवलं, छातीवर जेल लावून तो दांडा फिरवला, आणि बोलता बोलता गप्प झाला. बडबड्या माणूस गप्प झाला की आपण घाबरावं. शेवटी म्हणाला, "हे मागच्यापेक्षा वाईट आहे. तेव्हाच सरांनी ऑपरेशन का नाही केलं?"

"मागच्या म्हणजे कधीच्या?"

"तीन वर्षं झाली असतील. कॉलेजात नवीन मशीन आलं तेव्हा. मी तिथेच ज्युनियर होतो. झडप तेव्हाच खूप आखडली होती. रिपोर्ट सर स्वतः घेऊन..."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

तो दिवस मला आठवतो, दादा. "चल, नवं मशीन आलंय, गंमत दाखवतो," म्हणाला होतास. नंतर कँटीनमध्ये चहा पाजलास. रिपोर्टचं विचारलं, तर म्हणालास, "ठणठणीत."

ऑपरेशन या महिन्याभरात व्हायला हवं, असं तो म्हणतो. पुढे ढकललं तर एक दिवस मी जिन्यातच राहीन, हे त्याने गोड शब्दांत सांगितलं. कोणी करायचं, कुठे करायचं, हे मी ठरवेन. तू फक्त प्रश्नाचं उत्तर दे.

बारकी


११ जून

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी आणि सोबत इंग्रजी लेखाची छापील पानं. लेख जाड आहे, मेहुण्यांनी तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. आता टेबल हलत नाही. विज्ञानाचे उपकार मानते.

चार ओळी मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या. 'घाबरण्याचं कारण नाही. इकडे ये, मी बघतो. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस. लेख वाच.' मी विचारलं 'कधीपासून', तू सांगितलंस 'घाबरू नकोस'. तुझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं, तर त्याला तू खिडकीतून बाहेर फेकलं असतंस.

परवा पुन्हा त्या डॉक्टरकडे गेले होते. म्हटलं, "मला पडद्यावर नीट दाखवा. माझ्या हृदयावर एवढी पोरं पास झाली, मी अजून नापासच आहे." त्याने स्टूल ओढलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि एक ठोका थांबवून थांबवून दाखवला. तुला काय नवल त्याचं! पण मी पहिल्यांदा पाहत होते. तू इतकी वर्षं माझ्या हृदयाबद्दल बोललास, माझ्याशी कधी बोलला नाहीस.

तर ऐक. वर दोन खोल्या, खाली दोन. उजव्या बाजूला अंगभर फिरून दमलेलं रक्त येतं, ते फुफ्फुसांत हवा खायला जातं. हवा खाऊन ताजं झालं की डाव्या बाजूला येतं आणि तिथून सगळ्या शरीराला निघतं. वरच्या खोल्यांतून खालच्या खोल्यांत रक्त बहुतेक आपसूकच उतरतं, शेवटी वरच्या खोल्या जरासा ढोसा देतात, 'चला, उरलेलेही चला.' मग खालच्या खोल्या आवळतात. आवळल्याबरोबर वरची दारं धाडकन मिटतात, म्हणजे आलेल्यांनी परत फिरायचं नाही. तो पहिला आवाज. दाब वाढतो, बाहेरची दारं उघडतात, रक्त निघतं. मग खोल्या सैल पडतात. निघालेलं रक्त मागे वळून बघतं, तोवर बाहेरचीही दारं मिटलेली. तो दुसरा आवाज. की पुन्हा भरणं सुरू.

सगळं एका ठोक्यात. मला एवढ्या वेळात चष्म्याची काडीसुद्धा उघडता येत नाही.

आणि एक सांगितलं त्याने. ती डावी खालची खोली अख्ख्या शरीराला रक्त पाठवते, पण तिच्या स्वतःच्या वाट्याचं रक्त तिला आवळलेली असताना नीट मिळत नाही. सैल पडते तेव्हा मिळतं. म्हणजे सगळ्यांना वाढून झालं, की दोन घास उभ्याउभ्या. मी हसायला लागले. डॉक्टर म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, ओळखीची बाई भेटली."

माझं बाहेरचं दार उघडतच नाही, दादा. नुसती फट राहिली आहे. त्या फटीतून रक्त काढण्यासाठी खोलीने भिंती जाड केल्या, पैलवानासारख्या. किती वर्षं ढकलते आहे बिचारी. आता थकली.

मग मी त्याला मनातलं विचारलं. "पण डॉक्टर, आवाज तर कमी झालाय. गेली दोन-तीन वर्षं पोरं नळी दाबून दाबून धरतात. मी समजत होते, बरी होतेय."

त्याने नळाला लावलेल्या पाइपाचं उदाहरण दिलं. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी फुसफुसतं. अंगठा तसाच ठेवून नळ बारीक केला, तर फुसफुस कमी होते. अंगठा निघालेला नसतो. पाणीच कमी झालेलं असतं.

हे तुला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या नाही, पण शेवटच्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. मी तुला गेल्या परीक्षेला विचारलं होतं, "दादा, आवाज कमी झालाय का रे?" तू म्हणालास, "हल्लीच्या पोरांचे कान गेलेत, सारखे हेडफोन लावून."

मी हसले होते. चांगला जमला होता विनोद.

बारकी


१८ जून

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तू फोन करायला लावलास की तिने आपणहून केला, ते तिने सांगितलं नाही. आवाजावरून आपणहून वाटला. मागे नळ सोडून ठेवला होता तिने, तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

"अगं, ते रात्ररात्र येरझाऱ्या घालतात," ती म्हणाली.

"घालू दे. मला घालता येत नाहीत, दम लागतो."

"असं बोलू नकोस गं."

"वहिनी, त्याला कधीपासून माहीत होतं?"

तिने नळ आणखी मोठा सोडला. मग म्हणाली, "मशीनच्या दिवसापासून. घरी आले, जेवले नाहीत. मला म्हणाले, बारकीला सांगायचं नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाले, बाबांना मीच पाठवलं होतं ना आत."

मग ती रडायला लागली, आणि मी फोन हातात धरून नुसती उभी. समोर गिऱ्हाईक दोन फ्रेम दोन हातांत धरून विचारतंय, "यातली कुठली बरी दिसते?" मी म्हटलं, "दोन्ही वाईट." गेलं ते.

बाबांचं मला माहीत आहे, दादा. बाबांचं ऑपरेशन तू ठरवलंस, सर्जन तू निवडलास, बाबा चेष्टा करत आत गेले आणि बाहेर आले नाहीत. कोणी तुला दोष दिला नाही. आईने नाही, मी नाही. तूच दिलास, आणि तो आम्हा कोणाला दाखवला नाहीस. घरात त्यावर तू एक शब्द बोलला नाहीस. दुसऱ्या आठवड्यात वर्गावर गेलास. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस.

तर हे उत्तर. मला आत पाठवायची तुझी हिंमत झाली नाही.

हे वाचून मी विरघळावं, अशी वहिनीची अपेक्षा होती. थोडी विरघळलेही. चहा होईपर्यंत. मग कपात साखर ढवळताना एक साधी गोष्ट डोक्यात आली. पाठवणारा तू कोण? बाबांच्या वेळी बाबा आजारी होते, तू ठरवलंस, ठीक. मी तर धडधाकट उभी होते तुझ्यासमोर, कँटीनमध्ये, तुझा चहा पीत. मला विचारायचं होतं. 'बारके, असं असं आहे, करायचं का?' मी काय म्हणाले असते ठाऊक नाही. कदाचित तीन वर्षं घाबरून काढली असती. पण ती माझी भीती असती. तू तीही आपल्याकडे ठेवून घेतलीस, आणि मला दिलंस काय? ठणठणीत.

वर परीक्षेला नेत राहिलास. सांगायची हिंमत नव्हती, हे एक वेळ मी समजून घेते. पण दाखवायची होती! ती कुठून आणत होतास?

आणि ती मुलगी. यंदाच्या परीक्षेतली. तिचं मला आता सारखं आठवतं, तुला आठवतं का?

लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, बाकीची पोरं धडाधड म्हणून जात असताना ही नळी लावून कितीतरी वेळ वाकून होती. तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता. शेवटी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आवाज आहे, पण हळू आहे. आणि दुसरा ठोका मला जवळजवळ ऐकूच येत नाही."

तू म्हणालास, "कान साफ करून या. सहा महिन्यांनी."

पोरांमध्ये खसखस पिकली. ती मुलगी मान खाली घालून गेली. जाताना माझी ओढणी सारखी करून गेली, एवढं लक्षात आहे.

परवा डॉक्टरला विचारलं, दुसरा ठोका ऐकू न येणं म्हणजे काय? म्हणाला, "झडप इतकी ताठरली की मिटतानाही आवाज करत नाही. हे ज्याने ऐकलं त्याचे कान चांगले आहेत." मग मला विचारलं, "कोणी ऐकलं?"

मी सांगितलं नाही. लाज वाटली. माझी नाही, तुझी.

तिने बरोबर ऐकलं होतं आणि ते तुला कळलं होतं. हो की नाही? हा आता दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर तुझ्याकडून मिळालं नाही, वहिनीकडून मिळालं. याचं तू दे.

बारकी


२६ जून

दादा,

तू परवा दुकानात आलास, त्याचा वृत्तांत तुलाच लिहून पाठवते आहे. वेडेपणा वाटेल. पण तू आणि मी एकत्र असतो तेव्हाचं नंतर तुला काय आठवतं, यावर माझा आता विश्वास नाही. लिहिलेलं बरं.

दुपार होती. तू काचेचं दार ढकललंस आणि गिऱ्हाइकासारखा फ्रेमा बघत उभा राहिलास. पाठ वाकली आहे तुझी. मी मुद्दाम म्हटलं, "काय दाखवू? लांबचं दिसत नाही की जवळचं?"

तू म्हणालास, "बारके, चेष्टा पुरे."

"चेष्टा मी बंद केली तर या दुकानात रडारड होईल. काचा पुसायला एकच फडकं आहे."

तू स्टुलावर बसलास. डोळे तपासायच्या स्टुलावर, तिथे बसलेला माणूस समोरच्या तक्त्याकडे बघतो, तसा तूही बघायला लागलास. मग म्हणालास, "एकदा ऐकू दे."

मला राग यायला हवा होता. आलाच. पण मी म्हटलं, "ऐक." कारण मला तुझं तोंड बघायचं होतं. तू पिशवीतून नळी काढलीस, तळहातावर घासून गरम केलीस, लहानपणी करायचास तशी, आणि लावलीस. दुकानाबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होता, ती थांबेपर्यंत तू डोळे मिटून होतास.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं. परीक्षकाच्या आवाजात विचारलं, कबूल आहे.

"कमी झालाय."

"आणि दुसरा ठोका?"

तू मान हलवलीस. नाही.

"त्या मुलीने हेच सांगितलं होतं."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं, ती बरोबर आहे."

"हो."

"मग नापास का केलीस?"

तू नळी गुंडाळायला लागलास. तीन वेळा गुंडाळलीस, तीन वेळा सुटली. मग जे बोललास ते जसंच्या तसं लिहिते.

"तू तिथे झोपली होतीस ना. ती बरोबर आहे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, हळू का झाला? सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं."

एवढंच. एवढ्याशा वाक्यासाठी एका मुलीचं अर्धं वर्ष गेलं. आजवर मला वाटत होतं, तू मला फसवलंस. पण एक खोटं सांभाळायला तू किती माणसं कामाला लावलीस! वहिनीला गप्प केलंस. नवशिक्या डॉक्टरांना 'सरांचं घरचं प्रकरण' म्हणून तोंड मिटायला लावलंस. आणि एका पोरीला सांगितलंस, तुझे कान खोटे. उद्या ती डॉक्टर होईल. कोणाच्या तरी छातीवर वाकून काहीतरी नीट ऐकेल, आणि म्हणेल, जाऊ दे, माझे कान वाईट आहेत. त्या माणसाचं काय, दादा?

तू म्हणालास, "ऑपरेशन मी ठरवतो. आमच्याकडचा सर्जन उत्तम आहे."

"ठरलंय. इथेच. पुढच्या आठवड्यात."

"मला न विचारता?"

हे तू विचारलंस. खरंच विचारलंस. मी इतकी हसले की मला धाप लागली, आणि तू घाबरून उठलास आणि माझी नाडी धरलीस. मी हात सोडवून घेतला.

तुझे मेहुणे तेवढ्यात आले, हाताला ग्रीस. आपल्या दोघांकडे बघून त्यांनी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. "दादा, आमच्या धंद्यात लिफ्टमध्ये बिघाड आहे हे माहीत असून जो बोर्ड लावत नाही, त्याला पुन्हा लिफ्टला हात लावू देत नाहीत."

तू दार ढकलून निघून गेलास. छत्री विसरलास, ती मेहुण्यांनी तुला रस्त्यात गाठून दिली. भांडण वेगळं, छत्री वेगळी, म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी येऊ नकोस. बाबांच्या वेळचा तुझा चेहरा मला आठवतो. तो बघत आत जायची माझी इच्छा नाही.

बारकी


२१ ऑगस्ट

दादा,

डाव्या हाताने कागद धरायला अजून जड जातं, म्हणून अक्षर उताराला लागलंय.

आहे मी. वहिनीकडून तुला रोज कळत होतंच. पण माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

आत नेण्याआधी सर्जनबाईंनी सगळं सांगितलं. छाती उघडणार, हृदय थांबवणार, तोवर बाहेरचं मशीन रक्त फिरवणार, जुनी झडप कापून नवी शिवणार. मी विचारलं, "थांबवलेलं परत सुरू होतं ना?" म्हणाल्या, "बहुतेक वेळा होतं. नाही झालं तर आम्ही काय काय करतो तेही सांगते." आणि सांगितलं. मी पाणी मागितलं, आता काही पिता येणार नाही म्हणाल्या. मग मी विचार केला आणि सही केली. दादा, त्या भीतीने मला बरं वाटलं. ती माझी होती. कोणी मधल्या मधे ठेवून घेतलेली नव्हती.

किती वेळ माझं हृदय थांबलेलं होतं, ते विचारलं नाही. त्या वेळात ना पहिला आवाज, ना दुसरा, ना मधला. कोणत्याही पोराला काही सांगता आलं नसतं.

तू आला होतास. मेहुण्यांनी सांगितलं. मी नको म्हटलं होतं, तरी आलास, आणि मला दिसू नये म्हणून खालच्या मजल्यावर, बिल भरायच्या रांगेजवळच्या बाकावर बसलास. मेहुणे मधे मधे खाली येऊन तुझ्याशी बोलत होते. काय बोललात विचारलं, तर म्हणाले, "लिफ्टबद्दल." मला खरं वाटलं.

गेल्या रविवारी ती मुलगी आली होती. पत्ता तिला कॉलेजच्या ऑफिसातून मिळाला. दारातच म्हणाली, "मॅडम, सरांचा घरी फोन आला होता. आईने घेतला, मग मला दिला. सर म्हणाले, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. आणि ठेवून दिला. मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय."

"चेष्टा नव्हे. त्यांना तेवढंच बोलता येतं."

"मग मी नापास का?"

मी तिला सगळं सांगितलं. तुझी बाजूसुद्धा सांगितली, बाबांची. तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही मऊ झाला नाही. मला ते आवडलं. निकाल बदलत नाही, पुन्हा परीक्षेला बसावं लागणार, फी भरावी लागणार, बरोबरीची पोरं पुढे गेली. तुझ्या एका वाक्याने यातलं काहीच परत येत नाही, पण ते वाक्य तू म्हणालास, हे मी नोंदवते.

मग तिने विचारलं, "ऐकू?" ऑपरेशनची खूण दुखू नये म्हणून कडेने नळी लावली. बराच वेळ ऐकत होती. मी नेहमीसारखी छताकडे बघत पडले होते. मग तिने मान वर केली आणि मला, मला, विचारलं, "तुम्हाला आता कसं वाटतंय?"

दादा, इतकी वर्षं, इतकी पोरं. एकानेही हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "राग आलाय." ती म्हणाली, "मलापण." मग आम्ही दोघी चहा प्यायलो.

वहिनी म्हणते, तू परीक्षक म्हणून राजीनामा दिलास आणि सगळे तुला थोर म्हणताहेत. त्या थोरपणात मला ओढू नकोस. राजीनाम्यात कारण काय लिहिलंस? 'प्रकृतीच्या कारणास्तव'? कोणाच्या प्रकृतीच्या?

तू भेटायला यायचं म्हणतोस. मेहुण्यांकरवी विचारलंस. माफ केलंय का, असं तुझ्या वतीने त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. तर उत्तर नाही असं आहे. पुढे कधी होईल का, ते मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी माहीत आहे असं सांगत नाही.

पण ये. बाबांबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, ते बोलू. डॉक्टरांना तू फोन करायचा नाहीस, रिपोर्ट मागायचे नाहीत, वहिनीला विचारून यायचं नाही. माझ्यासमोर बसायचं आणि मी कशी आहे, ते मला विचारायचं. मी जे सांगेन ते खरं धरून चालायचं. मधे बोलायचं नाही.

बारकी